आडव्या नळीवरची भोकं

अप्पा न्हाणीघरात पडले त्या आठवड्यात
हिरव्या रंगाचा लोखंडी वॉकर घरी आला,
रामबागेतल्या आमच्या जिन्यावरून, उलटा, एका पोराच्या डोक्यावर.
किती द्यायचे विचारलं तर म्हणाला,
“सियागंजला हुजैफाभाईंना विचारा, मी फक्त पोचवतो.”

हुजैफाभाई बिजागऱ्या विकतात.
दुकानाच्या पोटमाळ्यावर कुबड्या, कमोडच्या खुर्च्या,
एक पलंग, त्याला तीनच पाय.
पैसे घेतले नाहीत. वही काढली नाही.
वॉकरच्या पायांना रबर तेवढं नवं ठोकलं होतं,
त्याचेही नाहीत.
“माझा थोडाच आहे? छावणीतून आला,
कंचनबाई पाटोदींकडून. त्यांनाही कुणीतरी दिलेला.”

अप्पा त्यावर सात महिने चालले.
टक्, मग फरफट, मग टक्.
पलंग ते खिडकी, खिडकी ते पलंग,
आणि एकदा, मला न सांगता, थेट जिन्यापर्यंत.
डावी मूठ आधीच झिजलेली होती
कुणाच्या तरी अंगठ्याएवढी.
अप्पांचा अंगठा तिथे नेमका बसायचा.
“डावखुरा असणार,” ते म्हणायचे,
“किंवा माझ्यासारखाच, उजवा पाय रुसलेला.”
त्या माणसाची चौकशी ते रोज करत,
जसा काही तो आतल्या खोलीत झोपलाय.

ते गेल्यावर मी राजवाड्यामागे जाऊन
पितळी पट्टी कोरून घेतली:
कै. अच्युत भास्कर दिघे यांच्या स्मरणार्थ.
चारशे वीस रुपये. अक्षर सुरेख.
स्क्रू बसवायला वॉकर आडवा केला
तर नळीवर भोकं होती. चार.
जवळजवळ माझ्याच पट्टीच्या मापाची,
आत मेण भरलेलं, वरून रंगाचा हात.

हुजैफाभाईंनी मेण नखाने टोकरून पाहिलं.
“कुणीतरी लावली, कुणीतरी काढली.
बहुतेक एकाच माणसाने.”
मग हात पुसत, सहज:
“आमच्यात म्हणतात, उजव्याने द्यावं, डाव्याला कळू नये.”
अप्पांच्या ड्रेसिंगला यायच्या त्या रोझिली सिस्टर
तिथेच कुणाच्या तरी कुबड्या परत करत होत्या.
एकदम उसळल्या, “हे तर आमच्या बायबलातलं!”
भांडण चहा येईपर्यंत चाललं.
मी मधे पडले. म्हटलं, कंचनबाईंच्या मंदिरात
फळ्यावर देणाऱ्यांची नावं लिहितात ना,
त्यात एक ओळ नेहमी असते,
गुप्तदान, एकावन्न रुपये,
आणि सगळे नेमके त्याच ओळीकडे बघतात.
दोघंही हसले.
पट्टी माझ्या पर्समध्ये होती.

अप्पा होमात तूप सोडताना म्हणायचे, इदं न मम.
मला चाळीस वर्षं वाटत आलं,
तुपाबद्दल आहे.

पट्टी आता स्वयंपाकघरात,
डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली, अक्षरं खाली करून.
टेबल डुगडुगत नाही.
फरशी पुसताना मात्र रोज विचारते,
अप्पा, रागावला नाहीत ना?

वॉकर पुढे कुठे गेला, विचारलं नाही.
परवा एम.वाय.च्या फाटकात एक बाई येत होती,
टक्, मग फरफट.
तो आपला नव्हता, निळा होता.
तरी चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने
वाकले मी,
आडवी नळी बघायला.