कडेवरचं नाव

बुधवारी जुन्या बाजारात नऊच्या आत पोचावं,
ऊन चढलं की पितळसुद्धा सोन्याच्या थाटात बोलतं.
हमजाभाई अत्तार चादर अंथरतो: नळाच्या तोट्या,
गंजलेले पाने, एकाच काडीचा चष्मा,
आणि मधे, मखमलीच्या तुकड्यावर,
मला दिसावं म्हणूनच ठेवलेलं
एक पदक.
"सुभेदाराचं आहे साहेब. फ्रान्स. घरातून थेट आलंय."
घरातून थेट. हे मी त्याच्या वडिलांकडूनही ऐकलंय,
बहुधा याच चादरीवर.

बत्तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात मी गेज तपासले.
खिशात व्हर्नियर असतो,
इतरांच्या खिशात तंबाखूची डबी असते तसा.
आधी वजन. मग टिचकी:
साच्यात ओतलेलं बद्द वाजतं,
ठशाखालून आलेलं थोडा वेळ हवेत राहतं.
मग फीत, जांभळ्या बॅटरीखाली;
अलीकडचा धागा तिथे वरातीतल्या शर्टासारखा पेटतो.
हा पेटला नाही.
पुढे राजा, बोडक्या डोक्याचा.
मागे नागडा घोडेस्वार, टापेखाली कवटी.
सगळं ठीक.
शेवटी कड.

नाव कडेवर असतं. मूल असतं तसं.

व्यास छत्तीस हवा, पस्तीस पूर्णांक चार भरला.
पुन्हा मोजला. तेवढाच.
म्हणजे कानशीचे पंधरा-वीस हात.
एवढ्यात एक माणूस मावतो.
चांदी खरी, राजा खरा, घोडाही खरा,
सुभेदार तेवढा खोटा:
त्याची अक्षरं ठोकलेली नव्हती, कोरलेली होती,
रुखवतातल्या पातेल्यावर घालतात तशी, शेपट्या काढून.

अकरा हजार म्हणणारा हमजाभाई
व्हर्नियरकडे बघून मोडीच्या भावावर आला.
घासाघीस न करणं हीसुद्धा एक कबुलीच.

कर्नल उमराणीकर फोनवर म्हणाले,
"नाव बदललेलं? बाटलेलं पदक ते. आटवून टाका."
त्यांच्या मनात काही नव्हतं.
शब्दाच्या मनात होतं.

रात्री दिवा आडवा केला.
सरळ उजेडात काही दिसत नाही;
कडेला घासून जाणारा असला
की धातूला हळूहळू आठवतं.
ठोकलेलं अक्षर दिसतं त्याहून खोल बसलेलं असतं,
कानस तिथवर पोचत नाही.
सुरुवातीचा आकडा, सात असेल किंवा एक.
मधे नुसत्या ओरखड्यांचं रान.
आणि शेवटी, भिंगाखाली, तीन अक्षरं: एन, ए, के.
"नाईक असेल," कर्नल म्हणाले.
हुद्दा नावाच्या आधी येतो, साहेब. नंतर नाही.

नाक.
धर्मनाक, भागनाक, कुणीतरी नाक.
कुणाला तरी वाटलं, या नावाला गिऱ्हाईक मिळणार नाही.

भोरच्या बाजूला एका गावात चावडीच्या भिंतीत दगड आहे:
इथून लढाईला अकरा माणसं गेली, दोन परतली नाहीत.
एवढंच. दगडाला नावं परवडली नसावीत.
तिथल्या शाळेतले सुमेध रणपिसे
पदक तळहातावर घेऊन बराच वेळ उभे राहिले.
अंगठा कडेवरून फिरवला, एकदा, उलटा पुन्हा.
मला वाटलं, आता म्हणतील, आमच्याच कुणाचं तरी असेल.
मी तर तेच ऐकायला एसटीनं आलो होतो.
"कशावरून?" ते म्हणाले.
"सुभेदार खोटा निघाला,
आता आम्हाला आजोबा खोटा देऊ नका.
शोधा."

शोधतोय.
दोन पत्रं गेलीत, एकाचं उत्तर आलंय: विभाग चुकलाय.

वहीत नोंद दोनशे चौदा.
व्यास पस्तीस पूर्णांक चार. फीत जुनी. कड घासलेली.
नाव: आधी बोटभर कोरी जागा,
मग पेन्सिलीनं, नाक.
सुभेदाराचं नावही लिहिलंय, खाली, कंसात;
तो कुणीच नव्हता, पण त्याचा काय दोष.
किमतीचा रकाना रिकामा आहे.
रविवारी पुन्हा बाजार.