राखलेला कागद

व्हिर्वे पिह्लाकला पहिला पगार मिळाला
तो दलदल मारण्याचा.
वय एकोणीस. एस्टोनियातल्या एका कचेरीत
नकाशे रंगवायचं काम:
चर खणायचा तिथे निळी रेघ,
पीट कापायचं तिथे तपकिरी चौकोन.
हात इतका नितळ, की इंजिनिअर म्हणाले,
ही पोर रेघ नाही ओढत, पाणी ओढते.

आणि खरंच, दोन वर्षांत
तिच्या रेघांवाटे पाणी निघून गेलं.
हजारो वर्षं थरावर थर निजलेलं शेवाळ
विटा होऊन घरोघरच्या शेगडीत गेलं,
तिच्या आईच्याही.
सकाळी राख काढताना व्हिर्वेने
चिमूटभर कागदावर घासून पाहिली.
करडा रंग बरा उतरला.
तेव्हा तेवढंच सुचलं, हे ती
पुढे स्वतःच सांगायची. मान खाली न घालता.

नोकरी बाणेदारपणे सोडली वगैरे नाही.
रविवारी उरलेल्या दलदलीत जाऊ लागली, इतकंच.
लेनिनग्राडची रंगपेटी, पाठीवर स्टूल,
आणि पाणी तिथल्याच डबक्यातलं,
कोऱ्या चहासारखं. नुसता ब्रश टेकला तरी
रंगाआधीच कागदावर थोडी संध्याकाळ व्हायची.
थंडीत त्यात व्होडका घालायची, गोठू नये म्हणून.
एक घोट कागदाला, एक मला.
तरी गोठायचंच. आभाळाच्या जागी
बर्फाचे पिसारे उमटायचे.
ती पुसत नसे.
"त्यालाही काढायचंय, काढू दे."

मी तिचा भाचा. स्टूल उचलायला मला न्यायची.
जागा ठरलेली: तेच डबकं, तोच वाकडा पाइन,
एप्रिलचा दुसरा रविवार,
क्रौंच उतरायच्या सुमाराला.
माझे बूट रुतलेले, नाक गळतंय.
"मावशी, हे गेल्या वर्षीच काढलंस की."
"गेल्या वर्षीचं गेल्या वर्षी होतं."

मग झेंडा बदलला, नोटा बदलल्या,
कचेरीवरची पाटी बदलली.
नकाशा तोच राहिला.
नवी कंपनी आली, तिला पीट हवं होतं
परदेशी खिडक्यांतल्या कुंड्यांसाठी.
सभागृहात तज्ज्ञ म्हणाले, दलदल मेलेलीच आहे,
आणि पाण्याच्या नोंदी तर कुणाकडेच नाहीत.

एकाहत्तराव्या वर्षी व्हिर्वे खुर्चीवर चढली.
मी टाचण्या देत होतो.
चारही भिंतींवर सेहेचाळीस एप्रिल.
भाषण नाही.
लोक भिंतीभिंतीने चालू लागले:
पाणी बोट बोट खाली जातंय,
पाइन माजल्यासारखा वाढतोय,
दवबिंदूची लाल रोपटी एकतिसाव्या कागदावर संपली.
आणि चौतिसाव्यावर, अगदी कडेला,
फांद्यांचा गबाळा ढीग:
कुण्या बीव्हरने चर बुजवला होता.
तिथून पाणी थांबलं. मग चढलं,
कागदागणिक नखभर.

तज्ज्ञांनी खिशातून पट्टी काढली.
"ही रेघ अचूक आहे कशावरून?"
"चराची रेघही माझीच होती," ती म्हणाली.
"तेव्हा नाही विचारलंत."

अर्धी वाचली. अर्धीच.
उरलेली पोत्यांतून गेली, आणि त्या ट्रकांचंही
तिने एक चित्र काढलं. वाईट जमलं.
फाडलं नाही.

तिच्या पेटीत पांढरा कधीच नव्हता.
गावातली मुलं विचारायची, मग धुकं कुठून आणता?
"आणत नाही. राखते.
एकदा ब्रश लागला की गेलंच ते."

शेवटच्या एप्रिलला ती तासभर बसली.
खाली एक तपकिरी ओघळ,
पाइनची निम्मी फांदी,
बाकी कागद कोराच.
ब्रश धुतला, बाटलीला बूच लावलं.
पलीकडे, दिसत नव्हते तिथून,
क्रौंच ओरडत होते.
मी म्हटलं, "अजून बरंच राहिलंय."
"हो," ती म्हणाली, "राहू दे."