अंगठ्याची जागा

यंत्र गोल भोक पाडतं. त्याला दुसरं येत नाही.
पण अंगठा गोल नसतो,
हे मला फातोर्ड्याच्या ह्या तळघरात,
सहा लेनच्या मागे, पिना उभ्या करणाऱ्या खडखडाटात,
हजारभर अंगठे चाचपून कळलं.
चपटा असतो, जरा कलता,
पेरावर फुगलेला,
आणि संध्याकाळी सकाळपेक्षा जाड.

बोरीला बाप देव्हारे करायचा.
शवपेट्याही, त्याच रंध्याने.
म्हणायचा, सोयरू, माप घेताना माणसाला बोलतं ठेव,
गप्प माणूस अंग चोरतो.
म्हणून मी विचारतो, जेवलात काय,
बाजारात नुस्तें काय भाव,
आणि तेवढ्यात अंगठा हातात घेतो.

आर्मिंदा फुर्तादबाय शुक्रवारी आली,
रिक्षातून, मांडीवर पिशवी, पिशवीत चेंडू,
हिरवट, आत धूर कोंडल्यासारखा,
चौदा पौंडांचा.
बहारीनला नवरा खेळायचा, कंपनीच्या क्लबात.
त्याच्या भोकात तिचा अंगठा
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत चमचा हलावा तसा हलला.

मी म्हटलं, बुजवून टाकू. रेझिन ओततो,
उद्या सुकेल, परवा नवं पाडू तुमच्या मापाचं.
तिने चेंडू माझ्या हातातून काढून घेतला.
काही बोलली नाही.
मग मीच टॉर्च लावून आत पाहिलं.

आत एक अंगठा होता.
म्हणजे, नव्हता. पण वर्षानुवर्षं
जिथे जिथे तो टेकला तिथे गुळगुळीत झालेलं,
नखाच्या बाजूला खरवडलेलं,
आणि डावीकडे एक खळगा. इथे त्यांना गाठ होती काय?
"दाराच्या फटीत चेंगरला होता," ती म्हणाली, "लहानपणी."

मग पट्ट्या.
पांढरी पुढे, खरखरीत, जिथे अंगठ्याचं पोट टेकतं;
काळी मागे, मऊ, नखाला सुटता यावं म्हणून.
एक लावायची, विचारायचं.
आणखी एक लावायची, विचारायचं.
आवळून धरू नका, मी सगळ्यांना सांगतो,
चेंडू नुसता लटकू दे.
"हो," ती म्हणाली, आणि आवळूनच धरला.

अकराव्या पट्टीला कुठेतरी टोचलं.
अंगठ्याला कपड्यांची नीळ चोळली,
आत घालून फिरवायला सांगितला.
काठाशी निळा ठिपका उठला, तांदळाच्या कणीएवढा.
इथे घासावं लागेल.
थोडंच. काठच. आतलं नाही.
ती बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, घास.

लाकडी दांड्याला पॉलिशपेपर गुंडाळून
मी ती धार मारली, बाप उंबऱ्याची मारायचा तशी,
मनगट सैल, श्वास बाहेर.
हिरवी भुकटी तिच्या फ्रॉकवर पडली.
पावाचं पीठ झटकावं तशी तिने झटकली.

सतरा पट्ट्या झाल्या.
हात खाली सोडून उभी राहिली. चेंडू लटकला,
पडला नाही.
मे महिन्यात दोन काढा, मी म्हटलं,
उकाड्याने बोटं फुगतात.

चौथी लेन मोकळी होती.
अंगठा आधी सुटायला हवा, बोटं मागून;
सुटताना बाटलीचं बूच निघतं तसा बारीक आवाज होतो.
झाला.
मी काउंटरमागून ऐकला.
चेंडू अर्धी लेन सरळ गेला, पुढे त्याला काय वाटलं कोण जाणे,
हळूच डावीकडे वळून नाल्यात उतरला.
एक पिन हलली नाही.

"ताचेंय अशेंच," ती अंगठ्यावर फुंकर मारत म्हणाली,
"सदांच दाव्यान."

बुटांचं भाडं आठपर्यंतच, असं पोरगा वरून ओरडत होता.
चेंडू खालच्या वाटेने परत येतो, जरा वेळ लागतो.
तो जिथून वर येतो त्या तोंडाशी
ती हात पुढे करून उभी होती.