शेरा

जाहिरातीत होतं: अनुभव नको, चिनी हवी, एक्सेल हवंच.
मुलाखतीत चांदवडकर साहेब म्हणाले,
चायनीज म्हणजे उंटवाडीच्या गाडीवरची नाही ना?
मी हसले. पाच वर्षं याच विनोदावर हसत आलेय,
पगारासाठी पहिल्यांदाच.

अंबड एमआयडीसी, पत्र्याखाली एकच पंखा,
माझं टेबल स्टोअर्स आणि मुतारीच्या मधल्या बोळात.
निंगबोहून पितळी बुश येतात, खोक्यागणिक यादी येते.
रकाने पुसायचे, जुळवायचे,
रिजेक्शनचा टक्का शनिवारी द्यायचा.

चिनीत नुसतं तीन म्हणून भागत नाही,
मध्ये एक छोटा ‘ग’ लागतो, मगच वस्तू मोजू देते.
हे मी स्टोअर्सच्या बस्तेमामांना सांगितलं.
ते म्हणाले, मग आपलं काय वेगळंय? तीन नग.

शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथे लिन नावाची कुणी
(मला ती दोन वेण्यांची वाटते, का ते माहीत नाही)
दर खोक्यापुढे तीनच अक्षरं लिहिते: छा-पु-तुओ.
शब्दकोशात: फारसा फरक नाही.
साहेब म्हणतात, आकडा दे. शेऱ्याचा ग्राफ होत नाही.

एक बुश मी पर्समधून घरी आणला.
पप्पा सातपूरला सव्वीस वर्षं टर्नर.
याच मापाचा बुश त्यांच्या लेथवरून उतरायचा.
लेथ भंगारात गेलं त्या वर्षी माझी बारावी,
आणि पुढे कोणती भाषा, ते मलाच ठरवायचं होतं.
ते तेव्हा काही बोलले नाहीत.

आताही नाही. चष्मा न लावताच
अंगठा आतून फिरवला, एकदा, सावकाश,
परातीतल्या तांदळात खडा शोधावा तसा.
चहा निवला. मग म्हणाले:
एकोणीस-वीस.

सोमवारी मी भागाकार केला.
शून्य पूर्णांक पंचाण्णव.
सगळ्या छा-पु-तुओंपुढे खालपर्यंत ओढत नेलं.
ग्राफ सुरेख आला. साहेबांनी प्रिंट काढून भिंतीला लावला.

गुरुवारी लिनने विचारलं:
पंचाण्णव कुठून आणलेत? कोणत्या गेजने मोजलं?

मी त्याच चौकटीत, आकड्याच्या जागी, चिनीत लिहिलं:
अंगठ्याने. वडिलांच्या.

खालची सगळी बेरीज तिथल्या तिथे मोडली.
साहेब जेवायला गेलेत.
मी अजून पुसलेलं नाही.