कार्बन ब्रश

वणी-मारेगाव रस्त्यावर, वजनकाट्याच्या पलीकडे
कवडूमामाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान.
कोळशाचे ट्रक जातात,
पऱ्हाटीची पानं काळी होतात,
चहावरची सायसुद्धा राखाडी.

सुट्टीत आले की तो एकच विचारतो,
"काय बनवून राह्यली तू तिथं?"
यावेळी सांगितलं : कोळसाच.
केसाहून हजारपट बारीक नळ्या, नुसत्या कार्बनच्या.
पीळ देऊन त्यांचं सूत काढतो
आणि मज्जातंतूला टेकवतो,
ऐकायला.

"तांब्याची तार काहून नाही?"
तांबं विष आहे पेशीला, मामा.
प्लॅटिनम चालतं, पण कडक.
मेंदू दह्यासारखा, श्वासागणिक हलतो,
सुईभोवती वण धरतो.
वण जाड झाला की आवाज बंद.

मामानं मिक्सर उघडलेलाच होता.
चिमट्यानं ब्रश काढला, झिजून बोराच्या बीएवढा उरलेला.
डाव्या हातानं. उजव्याची तीन बोटं
कडबा कटरमध्ये गेली, मी चौथीत होते तेव्हा.
"हे पाय. फिरत्या तांब्याले दिवसभर चिकटून राह्यते.
सोता झिजते, त्याले ओरखडा पडू देत नाही.
कोळशाचा गुणच हाये तो.
तुम्हाले आत्ता समजलं काय?"

सांजच्याला लाईन गेली.
पंखा थांबला, रस्त्यावरची डीपी मुकी झाली.
लॅबमध्ये एवढ्या शांततेसाठी
आम्ही तांब्याच्या जाळीची पेटी बांधतो,
नाहीतर पेशीचं बोलणं
ट्यूबलाईटच्या गुणगुणीत बुडतं.

अंधारात मामा म्हणाला,
"आता बोलतात पाय ते. गेलेली.
मधलं बोट मुठीत आवळल्यावानी दुखते,
सोडवाले जावं तं हात रिकामा."

मी वही काढली नाही.

"तुह्या सुताले हे ऐकू येईन काय?"
येईल, म्हणाले.
मग म्हणाले, अजून फक्त उंदराचं येतं.
"किती दिवस टिकते सूत?"
सहा आठवडे मोजलेत.
"मोजत राय. ब्रश बदलता येते,
तांबं गेलं तं मोटारच जाते."
आमच्यात तांबं कोण, हे त्यानं सांगितलं नाही.

लाईन आली.
त्याचा उजवा हात सवयीनं बटणाकडे निघाला,
अर्ध्यावर थांबला.
डाव्यानं मिक्सर लावला.
नवीन ब्रश, ठिणगी जरा जास्तच उडत होती.
बंद केला.
पुन्हा उघडला.