प्रत

डिस्क आली तेव्हा दारव्ह्याच्या कुरिअरवाल्यानं
दोनदा विचारलं, आत काय आहे.
पिक्चर, म्हटलं.
पिक्चर तर फोनमध्ये असते ना भाऊ, तो म्हणाला
आणि सही घेतली.

त्याला काय सांगू.
दिग्रसच्या स्टँडवर घेतलेली व्हीसीडी
चौथ्या गाण्याच्या ऐन अंतऱ्यात संपायची,
दुसरी तबकडी सापडेपर्यंत
नायिकेचा हात तसाच वर.
मग ती पन्नास रुपयांची डीव्हीडी :
कोपऱ्यात कंपनीचा फोन नंबर,
डोकी छाटलेली, आणि दोन्ही कडांच्या
चार-चार नाचणाऱ्या पोरी
चौकटीबाहेर हाकललेल्या.
ही मात्र मूळ निगेटिव्हवरून.
एकेक चौकट धुतलेली, ओरखडे बुजवलेले,
सोबत चोवीस पानी पुस्तिका.

लाडखेडला मावशीच्या घरी लावली.
खिडकीला चादर खोचली.
फ्रीज बंद केला, घरघर नको म्हणून,
दूध नासलं तर नासू दे.
बघ मावशी, चंद्राला बांधलेली तार दिसते.
बघ, राजाच्या दरबारात सारंगियाच्या मनगटावर घड्याळ.
ऐक, घुंगरं कशी पाठीमागून येतात.

कौतिकामावशी शेंगा फोडत होती.
पाचव्या गाण्याला हात थांबला.
"हे लुगडं हिरवं काहून?"
हिरवंच आहे. तुमच्याकडं यायची ती प्रत
वीस जत्रा फिरून विटलेली.
म्हातारी फिल्म गुलाबी पडते, सगळीच.
"सगळीच?"
सगळीच.
बराच वेळ नुसती टरफलं वाजली.
"मंग म्या लग्नात गुलाबी कायले मांगलं रे,
बाप तीन दिवस यवतमाळात हिंडला."

पुढं धृपद आलं आणि तिनं टाळी दिली,
एकच, नेमकी.
त्याच जागी पडद्यावर दोन शब्द आले.
रज्जाक ऑपरेटरनं तुटलेली फिल्म जोडताना
तेवढी वीतभर फेकून दिली होती,
आणि तेव्हापासून आख्खं गाव ते गाणं
तिथं टाळी देऊन म्हणायचं,
नळावर, हळदीत, मीसुद्धा पाळण्यात ऐकलेलं.
शब्द काही विशेष नव्हते.
'जरा थांब', एवढेच.

"अन् तीळ?"
कसला?
"तिचा. डाव्या गालावर होता."
उजव्या, मी म्हटलं. पुस्तिकेतला फोटो दाखवला.
"फोटूले काय कयते. आमी पायलं."

मग उलगडलं.
तंबूत पडदा मधोमध.
पुढं खुर्च्या, बिड्या, सरपंचाचा लोड.
मागं गोणपाटावर बाया, निम्म्या तिकिटात.
तिकडून नायक डाव्या हातानं कुंकू लावायचा,
घोडे आल्या वाटेनं परत जायचे,
आणि पाट्यांवरची अक्षरं पाहून पाहून
सात वर्षांची कौतिका शाळेत 'क' उलटा काढायची,
त्यासाठी छड्या खायची.
चोवीस पानांत याबद्दल ओळ नव्हती.
पुनर्निर्मितीला किती वर्षं लागली ते होतं,
किती माणसं लागली ते होतं.

रात्री पाणी प्यायला उठलो.
टीव्ही सुरू, आवाज बंद,
फ्रीज अजून बंदच.
मावशी टीव्हीकडं पाठ करून
लोखंडी कपाटासमोर बसलेली.
आरशात पाचवं गाणं.
तीळ जागेवर आला होता,
लुगडं मात्र हिरवंच.

आरशातूनच तिनं मला पाहिलं,
अंथरलेल्या पोत्यावर थोडी सरकली.
"बस," म्हणाली,
"इकून बरं दिसते."