चौकट क्रमांक एक्केचाळीस

कवालामध्ये, तंबाखूच्या जुन्या गोदामात
आठ आठवड्यांची नोकरी लागली मला.
सकाळी झाडू, मग दिवसभर खुर्ची,
आणि कुणी कलाकृतीला हात लावू लागलं
तर घसा खाकरायचा. एवढंच.

भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय : आसरा.
खाली अकरा नावं.
त्यातली चार मला अजून उच्चारता येत नाहीत.
उद्घाटनाला वाइन होती, खारवलेली ऑलिव्ह होती.
बिया मीच वेचल्या, दुसऱ्या दिवशीही सापडत होत्या.

दाराशी निझारच्या घंटा आहेत.
अलेप्पोतल्या त्याच्या जिन्यावरची नऊ बटणं,
प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर एक आडनाव.
बटण दाबलं की गोदामाच्या पार टोकाला
कुठेतरी वाजतं,
आणि कुणी येत नाही.
पोरं दिवसभर दाबतात. माझं डोकं दुखतं.
पण आता आवाजावरून ओळखते मी,
हा दंतवैद्याचा, हा तिसरा शिवणकाम करणाऱ्या बाईचा,
जरा खोकल्यासारखा.

इहसानची खाट फोनच्या वायरींनी विणलेली,
छावणीत जमवलेल्या, काळ्या, पांढऱ्या,
दातांनी सोललेल्या.
परवा एका पाहुण्याने विचारलं,
यातलं कुठलं चार्जर चालतं का हो?

आणि वर, माडीवर, पेलागियाचे खडू.
एकोणीसशे तेवीस साली
तंबाखूच्या गासड्या सरकवून इथे माणसं ठेवली होती,
समुद्रापलीकडून आलेली.
दोरी बांधायची, दोरीवर घोंगडी टाकायची,
पलीकडे दुसरं कुटुंब.
आसरा कसला, आडोसा म्हणा.
तिने ती सगळी मापं जमिनीवर आखलीत,
एकशे बारा चौकटी, प्रत्येकीत आकडा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत
हे इथे खडूनेच ठरवून दिलेलं.
लोक कडेकडेने चालतात,
कुणाचं जेवण चाललंय अशा बेताने.

तिसऱ्या आठवड्यात प्रोद्रोमोस आले.
बसने आले होते, हातात पावाची पिशवी.
म्हणाले, एक्केचाळीस कुठे?
दाखवली.
त्यांनी बूट काढले, शेजारी शेजारी लावले,
आणि आत जाऊन आडवे झाले.

मी घसा खाकरला.

घोट्यापासून पुढचे पाय बाहेर राहत होते,
बेचाळीसमध्ये.
त्यांनी पाहिलं. मग कुशीवर वळले,
गुडघे छातीशी, तळहात कानाखाली,
आणि मावले.

म्हणाले, माझा बाप असा झोपायचा.
पुढे घर झालं, सहा फुटी पलंग झाला,
आई म्हणायची, अरे पाय तरी सोड.
गेला तेव्हा
त्याला सरळ करायला तिघं लागले.

मला खाकरायचं सुचलं नाही.
खाली कुठल्यातरी पोराने तिसरं बटण दाबलं,
ते खोकल्यासारखं वाजलं,
आणि जमिनीवरून, डोळे मिटलेलेच,
म्हातारे म्हणाले,
आलो, आलो.

उठायला माझा हात लागला त्यांना.
कोटाला पांढरं लागलं होतं, झटकू दिलं नाही.
बूट घालताना टाच घासली, रेघ पुसली,
वीतभर.

अथेन्सच्या बाई म्हणाल्या, उद्या छायाचित्रकार येतोय,
तेवढं नीट करून घ्या.
पेलागिया खडू घेऊन आली,
उकिडवी बसली,
बराच वेळ बसली,
मग खडू खिशात टाकून खाली सिगारेट ओढायला गेली.

रात्री मी झाडायला घेतलं.
इतके दिवस चौकटींच्या कडेने झाडत होते.
आज त्या पुसलेल्या जागेतून आत गेले,
का कोण जाणे, चपला बाहेर काढून.
आत पावाचा चुरा होता थोडा,
आणि एक बटण, कोटाचं.

चुरा राहू दिला.
बटण माझ्या एप्रनच्या खिशात आहे.
ते पुन्हा येतील असं काही म्हणाले नाहीत.